कुणाच्या हातांनी

'काज' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला, असं कोशकार सांगतात. त्यांच्या भाषेत बटणाच्या भोकाला 'काझा' म्हणतात, आणि काझा म्हणजे घर. हिंदीत त्याचा काज झाला, गुजरातीत गाज, तमिळ शिंपी काजा म्हणतो. इतक्या भाषांत फिरलेल्या या शब्दाकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही, कारण बटण काजात घालताना आपण विचारच करत नाही. एकदा बोटं तरबेज झाली की ते काम मनाच्या हद्दीबाहेर जातं. परत मनात येतं ते बोटं ऐकेनाशी झाल्यावर.

मला आमवात आहे. डॉक्टरांच्या भाषेत रूमॅटॉइड. या दुखण्यात सकाळी हात ताठ असतात आणि तो ताठरपणा तासाभराहून अधिक टिकतो. म्हणजे सगळं जग ज्या वेळी कपडे करतं, नेमकी त्याच वेळी बोटं आपली नसतात. त्यात बटण, हूक, सेफ्टीपिन, पर्सची चेन ही सगळी चिमटीची कामं. अंगठा आणि तर्जनीच्या टोकांत एक किलोचा जोर लावला की अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर सुमारे बारा किलोंचा भार पडतो, असं हाताच्या यांत्रिकीचे अभ्यासक सांगतात. निरोगी हाताला हे कधी कळत नाही. माझ्या हाताला रोज सकाळी कळतं. त्यातही ब्लाउजचा हूक सगळ्यांत अवघड. तो लहान, सपाट, धरायला जागा नसलेला, आणि त्याची कडी त्याहून लहान.

उपाय नाहीत असं नाही. पर्सच्या चेनला मी किल्ल्यांची कडी अडकवली आहे. तिच्यात आख्खं बोट घालून ओढता येतं, चिमटीची गरज नाही. परकराची नाडी काढून इलॅस्टिक घातलं. घड्याळाला ताणणारा पट्टा. कानातल्यांच्या फिरक्या सोडून दिल्या आणि सणावारी आत वळणारे आकडे घालते. बटण लावण्याचं एक साधनही मिळतं. जाड मुठीला तारेचा फास असतो, तो काजातून घालायचा, बटणाला अडकवायचा आणि ओढायचा. वाईट नाही. पण ब्लाउजच्या हुकापुढे त्याचं काही चालत नाही. ज्यांनी ते बनवलं त्यांच्या डोळ्यांसमोर ब्लाउज नसावा.

आमवाताच्या रुग्णांना दवाखान्यात अधूनमधून एक प्रश्नावली भरायला देतात. १९८० साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून ती आली आणि पुढे कितीतरी भाषांत गेली. तिचा पहिलाच प्रश्न कपड्यांचा आहे. बुटाची नाडी आणि बटणं धरून तुम्हाला तुमचे कपडे करता येतात का? उत्तराला शून्य ते तीन गुण. शून्य म्हणजे विनासायास, तीन म्हणजे अजिबात नाही. पुढे विचारतात, बटण लावायचं साधन वापरता का? दुसऱ्या माणसाची मदत घेता का? दोहोंपैकी कशालाही 'हो' म्हटलं की त्या भागाचे गुण निदान दोनपर्यंत चढतात. तारेचा फास असो की माणूस, हिशोब एकच.

ही सोय मोजमापापुरती आहे. रोग किती पुढे गेला एवढंच त्या कागदाला पाहायचं असतं, आणि ते तो चोख पाहतो. माझं भांडण कागदाशी नाही. मात्र हीच मोजणी आपण कागदाबाहेरही करतो, आणि तिथे ती इतकी निरुपद्रवी नाही.

माझी पिढी स्वावलंबन या शब्दावर वाढली. साताऱ्याकडे तर तो शब्द शिक्षणसंस्थेच्या ब्रीदवाक्यातच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा त्या शब्दाला निश्चित अर्थ होता. गरिबाच्या मुलानं कुणापुढे हात न पसरता, स्वतः राबून शिकावं. तो अर्थ मला आजही मोठा वाटतो. पण घराघरांत पोचेपर्यंत शब्द आकसला. 'माझं मी करते' एवढाच उरला. म्हाताऱ्या माणसाचं कौतुक करताना आपण काय म्हणतो? 'अजून कुणाला करावं लागत नाही हो त्यांचं!' या वाक्यात कौतुक आहे, पण ज्यांचं करावं लागतं त्यांच्यावर एक मुका शेराही आहे. शिवाय एक जण वाक्यातून गायबच आहे, तो म्हणजे करणारा.

चित्रकार रेनुआर याचं उदाहरण आमवाताच्या रुग्णांना नेहमी सांगतात. साधारण १८९२ पासून त्याला हे दुखणं होतं. १९१९ साली तो गेला, तोवर बोटं पार मुडपली होती, तरी तो चित्रं काढत राहिला. त्याच्या हाताला कुंचला बांधत असत, अशी दंतकथा आहे. प्रत्यक्षात हाताला गुंडाळलेलं कापड कातडी सोलवटू नये म्हणून होतं. कुंचला कुणीतरी त्याच्या बोटांत ठेवत असे. 'बांधलेला कुंचला' ही गोष्ट इतकी लोकप्रिय का झाली असेल? मला वाटतं, बांधलेल्या कुंचल्यात दुसरा माणूस दिसत नाही. उरतात फक्त रेनुआर आणि त्याची जिद्द. कुंचला हातात देणारा आला की जिद्दीचे गुण कमी होतात, त्या प्रश्नावलीसारखे.

गोष्ट इथेच थांबत नाही. १९१३ पासून रेनुआरनं शिल्पंही केली. त्याच्या हातांना माती मळणं शक्य नव्हतं, म्हणून रिशार ग्विनो नावाचा तरुण शिल्पकार त्याच्या सांगण्याप्रमाणे घडवत असे. शिल्पं रेनुआरच्या नावानं जगभर गेली. ग्विनो म्हणजे म्हाताऱ्याचे उसने हात, असंच लोक धरून चालले. पुढे ग्विनो कोर्टात गेला आणि निकालानं १९७३ साली कायमचं ठरलं की तो त्या शिल्पांचा सहकर्ता आहे. सांगितलेलं करणारा हातसुद्धा स्वतःचं काहीतरी करत असतो. माती किती दाबायची, कुठे थांबायचं, हे सांगणाऱ्याला सगळं सांगता येत नाही.

शिल्प आणि ब्लाउज यांची तुलना कुणाला हास्यास्पद वाटेल. वाटू दे. मी गेली चाळीस वर्षं बडोद्यात राहते आणि घरात एकटीच आहे. सकाळी एक बेन येतात. आधी भांडी, मग लादी, आणि मधे कधीतरी माझे हूक. ते करताना त्या म्हणतात, 'हलशो नहीं, मासी.' हलू नका. मी हलत नाही. पहिला हूक कुठून धरायचा, कापड आधी किती पुढे ओढून घ्यायचं म्हणजे माझा खांदा दुखत नाही, हे त्यांना मी सांगितलेलं नाही. त्यांनी ते शोधून काढलं. पदराला पिन लावताना त्या स्वतःचं बोट आत धरतात, टोचली तर त्यांना टोचावी म्हणून. हे काम नव्हे असं कोण म्हणेल? तरी पगार ठरवताना भांडी आणि लादी मोजली जाते. हुकांचे वेगळे पैसे द्यायचं मी ठरवलं तेव्हा त्यांनाच नवल वाटलं. 'एमां शुं,' म्हणाल्या. त्यात काय! आता त्या घेतात, पण महिना संपताना ते पैसे वेगळे मोजत नाहीत, एकत्रच पर्समध्ये टाकतात.

इथे मला जे म्हणायचं आहे ते असं. मदत घेतली की मी थोडी कमी झाले, ही लाज आणि मदत करणाऱ्याकडे साधन म्हणून पाहणं, या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. कृती माझी तेव्हाच, जेव्हा तिच्यात दुसरं कुणी नाही, असं एकदा मानलं की कृती माझी ठेवण्यासाठी दुसऱ्याला पुसावं लागतं. बेन नाहीत, फक्त दोन चांगले हात आहेत, असं धरलं की माझा मान शाबूत. अभिमान आणि उद्धटपणा इथे एकाच दाराने आत येतात. उलट बाजूने 'मदत घेण्यात कसला कमीपणा, सगळेच एकमेकांवर अवलंबून असतात' असं म्हणणारी सुविचारी मंडळीही मला पटत नाहीत. सगळे अवलंबून असतात हे खरं, पण सारखे नसतात. माझे हूक लावायला मी कुणालातरी पैसे देऊ शकते.

म्हणून वस्तूच बदलावी, माणसाला त्रास का, असं एक शहाणं मत आहे आणि ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. आपल्या २०१६ सालच्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात सगळ्यांना वापरता येईल अशा रचनेची व्याख्या आहे. वस्तू आणि जागा शक्य तितक्या सर्वांना वापरता याव्यात, हे त्यात लिहिलं आहे. आपण त्यातून उतरता रस्ता आणि लिफ्ट एवढंच वाचतो, ब्लाउजपर्यंत कुणी येत नाही. १९९० साली अमेरिकेत जाड मऊ मुठीची सालकाढणी बाजारात आली. ती बनवणाऱ्याच्या बायकोला संधिवात होता. आज धडधाकट हातांचे लोकही ती वापरतात. पूर्वी आपल्याकडेही निराळी व्यवस्था होती. बाराबंदीला बंद, चोळीला पुढे गाठ, नऊवारीला नाडी नाही, परकर नाही, पिनही नाही. ते दिवस बरे होते असं मी म्हणत नाही. गाठ मारतानाही बोटं दुखली असतीलच. पण गाठीला टोकांपेक्षा मूठ जास्त लागते, एवढा फरक होता.

मी शिंप्याकडून दोन ब्लाउजना हुकांऐवजी मोठी टिचबटणं लावून घेतली. तळव्यानं दाबली की बसतात. त्या ब्लाउजच्या दिवशी माझं मी होतं, आणि ते मला आवडतं, हे लपवण्यासारखं नाही. त्या दिवशी बेन लादी पुसून लवकर निघतात. हुकांच्या पैशांचं काय, हा प्रश्न मी एकदा काढला. त्यांनी हसून दुसराच विषय काढला. पैसे मी कमी केलेले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात भांडी घासताना त्या मधेच थांबून हात झटकताना दिसल्या. गार पाण्यानं बोटं आखडतात, म्हणाल्या. त्यांचं वय माझ्याहून आठ-दहा वर्षांनी कमी असेल. मी त्यांना दवाखान्याचा पत्ता दिला, त्या एकदा जाऊन आल्या, रक्त तपासलं, पुढची तारीख कामाच्या दिवशी होती. मग मी म्हटलं, तुमच्याही ब्लाउजना टिचबटणं लावून घेऊ, माझाच शिंपी लावील. त्यांनी नाही म्हटलं. माझा ब्लाउज हातात घेऊन त्यांनी दोन्ही बाजू जराशा ताणल्या आणि बटण टिचकन उघडून दाखवलं. लादी पुसताना वाकलं की हे असं होईल, त्या म्हणाल्या, चार घरी माणसं असतात.

त्यांना हूकच हवेत. ते लावून द्यायला त्यांची सून सकाळी साडेपाचला उठते.