न्यायासनावरून उठण्याचा धर्म

लांजी हे बालाघाट जिल्ह्यातील कोटेश्वर महादेवाचे गाव. येथील एखाद्या शेतकऱ्यास सरकारी अधिकाऱ्यावर दिवाणी दावा लावावयाचा झाल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 अन्वये त्याने प्रथम दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. 1956 पर्यंत त्याचे उच्च न्यायालय नागपुरास होते, त्यानंतर ते जबलपुरास झाले. वाट बदलली, परंतु समोरचा पक्ष तोच बलाढ्य राहिला. अशा वादीच्या मनात न्यायाधीशाविषयीच शंका आली तर? कलम 24 प्रमाणे दावा दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग करून मागता येतो. पण असे मागणे म्हणजे न्यायाधीशाच्या सचोटीवर डाग लावणे, असे पुष्कळांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही.

1897 साली राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर दिनशा दावर उभे राहिले होते. 1908 साली तेच दावर न्यायमूर्ती होऊन टिळकांच्या दुसऱ्या खटल्यास बसले. त्यांनी जामीन नाकारला, आणि ज्यूरीने बहुमताने दोषी ठरविल्यावर सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. त्यांच्या मनात आकस होता, असे आम्ही म्हणत नाही. कदाचित जुन्या अशिलाकडे झुकल्याचा बोल लागू नये म्हणूनच हात कठोर झाला असेल. ते बाहेरच्या कोणासही कळणे शक्य नाही, आणि आमचे म्हणणे नेमके येथेच आहे. न्यायाधीशाचे अंतःकरण शुद्ध असले तरी त्याचा साक्षी तो एकटाच असतो. देवस्थानाच्या महाजनांत ज्याच्या घरचा वाद आहे त्याने निवाड्यास बसू नये, हे कोणास शिकवावे लागत नाही.

याउलट 10 जानेवारी 2019 चा प्रसंग पाहा. अयोध्येच्या वादाची सुनावणी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे निघाली. त्यांतील न्यायमूर्ती उदय लळित यांनी पूर्वी वकील असताना माजी मुख्यमंत्री कल्याणसिंग यांची बाजू एका संबंधित अवमान प्रकरणात मांडली होती. ज्येष्ठ वकील राजीव धवन यांनी ते निदर्शनास आणले, आणि आपली हरकत नाही असेही सांगितले. तरी लळित बाजूला झाले. पीठ नव्याने बसले. सत्तेपुढे न वाकता आसन सोडणाऱ्या रामशास्त्र्यांची कथा आपण कीर्तनांत ऐकतो. एका पक्षाच्या मनातील किंतुसाठी उठणे हे त्याहून अबोल कर्म आहे; त्याची कथा कोणी लावीत नाही.

मात्र न्यायाधीश बदलणे हे दुधारी शस्त्र आहे. आणीबाणीत, 1976 साली, सरकारने उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायमूर्तींना त्यांची संमती न घेता अन्यत्र धाडले. गुजरातचे न्यायमूर्ती साकळचंद शेठ यांची आंध्र प्रदेशात बदली झाली, तेव्हा त्यांनी केंद्र सरकारविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. न्यायाधीशच वादी झाला! अशी बदली लोकहितासाठीच आणि सरन्यायाधीशांशी खराखुरा विचारविनिमय करूनच व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली सांगितले. तेथे शंकित दुर्बळ नव्हता, बदल मागणारा सबळच होता.

दुर्बळही कधी चलाखी करतो. लांजीचा वादी अर्ज घेऊन उभा राहील, तेव्हा त्यालाही विचारावे लागेल: हे कारण तुला पहिल्या तारखेस ठाऊक होते, की एखादा हुकूम विरुद्ध गेल्यावर आठवले?