दंड म्हणजे शिक्षा की भाव?

मांडवगण फराट्याकडं भीमेच्या अल्याड शिरूर तालुका, पल्याड दौंड. नदी एक, तहसीलदार दोन. वाळू मात्र दोन्ही काठांनी जाते.

परवान्याशिवाय वाळू उपसली तर 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 48 लागतं. बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. गाडी, यंत्र जप्त करायचा अधिकार तहसीलदाराला. सोडवायची रक्कम 2018 साली ठरली : ट्रॅक्टरला 1 लाख, डंपरला 2 लाख, पोकलेनला साडेसात लाख. वर मालकानं लिहून द्यायचं, पुन्हा असं करणार नाही. दंड थकला तर सातबाऱ्यावर बोजा.

माझा सवाल साधा आहे. दंड भरला, गाडी सुटली. नदीतला खड्डा कुठं भरला? वाळू गेली की काठच्या विहिरीचं पाणी खोल जातं. ते पावती फाडून वर येत नाही. ज्याच्याकडं दहा डंपर, त्याला दंड म्हणजे डिझेलसारखाच एक खर्च. कर्ज काढून एकच ट्रॅक्टर घेतलेला मात्र मेला. आणि छातीएवढ्या पाण्यात उभं राहून घमेलं भरणारा? त्याच्या नावावर सातबाराच नाही. थकबाकीदार व्हायचीसुद्धा त्याची ऐपत नाही. तो सरळ चोर.

एकाच वाळूत एक थकबाकीदार, दुसरा चोर. हे कायद्यानं केलं का? नाही. सुप्रीम कोर्टानं 2014 सालीच सांगितलंय, खनिजाचा कायदा आहे म्हणून चोरीचा खटला अडत नाही. म्हणजे मालकालाही चोर म्हणता येतं. म्हणायचं कुणाला, ते कायदा राबवणारा हात ठरवतो.

हा हात आपल्या जुन्या ओळखीचा आहे. महाडच्या नगरपालिकेनं 1924 साली ठराव करून चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं. परवानगी कागदावर होती, राबवली कुणी नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हा डोकी फुटली ती आपल्याच माणसांची.

मग कायदाच नको का? नको कसा! नदीला राखणदार नसला की दांडगा मालक होतो. कायदा पाहिजेच. पण दंड ऐपत बघून बसावा, पैसा आधी त्याच नदीला, त्याच विहिरींना लागावा आणि चौकशी घमेल्यापाशी न थांबता मालकाच्या ओसरीवर चढावी.

नाहीतर दोस्तांनो, दंडाची पावती हाच परवाना.