पाचवं कलम

४ फेब्रुवारी १८९७ रोजी हिंदुस्थानात साथरोग कायदा लागू झाला. मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सापडून तेव्हा पाचेक महिने होत आले होते. मूळ कायद्यात कलमं फक्त ४. पहिल्यात कायद्याचं नाव. दुसऱ्यात सरकारला हवे ते उपाय करण्याचा अधिकार. तिसऱ्यात न ऐकणाऱ्याला शिक्षा. चौथ्यात सद्भावनेनं काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही अशी हमी. इथे कायदा संपतो. ज्याचं घर तपासायचं, ज्याच्या माणसाला उचलून न्यायचं, ज्याचा रोजगार बंद करायचा, त्याला सरकार काय देणं लागतं याबद्दल त्यात ठोस असं काहीच नाही; भरपाईचा उल्लेख येतो तो दुसऱ्या कलमात, कंसात, ‘असल्यास’ एवढाच.

मार्च २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा महाराष्ट्र सरकारनं हाच कायदा हाती घेतला. पुढे त्यात दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात टाकणाऱ्यांना कडक शिक्षा देण्यासाठी. ती गरजेचीच होती. पण राहून गेलेली बाजू तशीच राहिली, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. साथीत निर्बंध लागतातच, त्यावर वाद नाही. ते न्याय्य आहेत की नाहीत हे मात्र आदेशाच्या कागदावर ठरत नाही. ते उंबरठ्यावर ठरतं. कोण आलं, कारण सांगितलं का, आणि जे मागितलं त्याच्या बदल्यात काही दिलं का, यावर.

पुण्यात १८९७ च्या मार्च ते मे या महिन्यांत उंबरठ्यावर गोरे शिपाई होते. प्लेग समितीचा प्रमुख असलेल्या रँड साहेबाच्या हाताखाली त्यांच्या तुकड्या पेठापेठांतून फिरत. काखेत, जांघेत गाठ आहे का ते बघत. बायकांनाही तपासणीला बाहेर काढलं जाई. बूट घालून माणसं स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत. सामान बाहेर काढून जाळलं जाई. आजाऱ्याला प्लेगच्या इस्पितळात आणि घरच्यांना वेगळ्या छावणीत नेत. जूनच्या २२ तारखेला गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, ते आपल्याला शाळेपासून पाठ आहे. त्याहून कमी बोललं जातं ते असं की, माणसं घरातल्या आजाऱ्यांना लपवू लागली. माळ्यावर, अडगळीच्या खोलीत तापानं फणफणलेला माणूस दडवून ठेवायचा आणि दारात आलेल्याला सांगायचं, घरात सगळे बरे आहेत. साथ आवरण्यासाठी जी गोष्ट सगळ्यांत आधी हवी, म्हणजे आजार कुठे आहे हे वेळेत कळणं, तीच या धाकामुळे हातची गेली.

शिवाय ज्या ज्ञानाच्या भरवशावर हे चाललं होतं ते अपुरं होतं. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत दाखवून दिलं ते १८९८ मध्ये, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे पुण्यात माणसांची अंगं चाचपली जात होती तेव्हा उंदीर मोकळेच होते. याचा दोष त्या वेळच्या डॉक्टरांना देता येत नाही. साथीच्या सुरुवातीला कुणालाच सगळं ठाऊक नसतं. कोरोनात आपणही दुधाच्या पिशव्या साबणानं धुतल्या, आणि हा विषाणू बंद खोलीतल्या हवेतून पसरतो हे अंगवळणी पडायला वेळ लागला. पण ज्ञान अपुरं असताना सक्ती करायची, तर ‘आज आम्हाला एवढंच कळलंय, उद्या नियम बदलू शकतो’ हे सांगण्याची जबाबदारी दुप्पट होते. बदललेल्या नियमानं माणसं चिडत नाहीत. कारण न सांगता बदललेल्या नियमानं चिडतात.

१८९७ च्या त्याच मार्चात, पुण्याच्या वेशीबाहेर हडपसरजवळ ससाणे मळ्यात, यशवंत फुले यांचा दवाखाना चालू होता. सावित्रीबाई तिथे रुग्ण आणत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणल्याचं सांगतात. त्यांनाही प्लेगनं गाठलं आणि १० मार्चला त्या गेल्या. आजाऱ्याला घरापासून वेगळं तिथेही ठेवलं जात होतंच. पण त्याला न्यायला आलेलं माणूस त्याच्या आजाराचा धोका स्वतःच्या अंगावर घेत होतं.

जनतेच्या बाजूनंही या काळात एक देणं असतं, ते खरं बोलण्याचं. गोपाळ कृष्ण गोखले त्या वर्षी इंग्लंडमध्ये होते. सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रं त्यांना पुण्याहून आली, आणि त्यांनी ती हकिगत ‘मँचेस्टर गार्डियन’च्या प्रतिनिधीला सांगितली. परत आल्यावर त्यांनी पुरावा शोधला. पुढे यायला कुणी तयार होईना. तेव्हा त्यांनी बिनशर्त माफी मागितली, आणि त्यासाठी आपल्याच लोकांचे बोल आयुष्यभर खाल्ले. पुढे ते पुण्यात प्लेगच्या मदतकार्यात स्वयंसेवक म्हणून राबले. माझ्या मते त्यांची माफी योग्य होती. पुण्यातला रोजचा अपमान हजारोंनी पाहिला होता, तो नाकारणं अवघड होतं. सिद्ध न झालेली एक गोष्ट त्याच्याशेजारी ठेवली की ढळढळीत खरंही खोटं ठरवायला समोरच्याला जागा मिळते. २०२० च्या सुरुवातीला कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो असा निरोप मोबाइलवरून फिरला आणि राज्यातले कुक्कुटपालक बघता बघता बुडाले. तो पुढे ढकलणाऱ्या कुणीही नंतर माफी मागितल्याचं मी ऐकलेलं नाही.

कोरोनाच्या काळात आपल्या दारात रँडची आणि सावित्रीबाईंची अशा दोन्ही तऱ्हा येऊन गेल्या. परदेशातून आलेल्यांच्या हातावर शाईचे शिक्के मारले गेले आणि ते दिसल्यावर सहप्रवाशांनी आरडाओरडा करून माणसांना गाडीतून उतरवायला लावलं. घरांच्या दारांवर भित्तिपत्रकं डकवली गेली. ती सरसकट लावू नयेत हे सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२० मध्ये सांगावं लागलं. २४ मार्चला रात्री ८ वाजता देशाला कळलं की १२ वाजल्यापासून सगळं बंद. ४ तासांत ज्याला किराणा भरता आला त्यानं भरला. ज्याचं पोट रोजच्या मजुरीवर होतं त्याच्यासाठी त्या घोषणेत घरी राहण्याचा हुकूम होता, पण घर कुठलं आणि चूल कशावर पेटवायची याचं उत्तर नव्हतं. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी जायला रुळांवरून निघाले. ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली त्यांतले १६ जण गेले. त्यांनी नियम का मोडला असं त्या आठवड्यात विचारणारे लोक मला भेटले, आणि त्या प्रश्नाचा त्रास मला अजून होतो.

दुसरी तऱ्हा धारावीत दिसली. जिथे एका खोलीत आठ-दहा माणसं राहतात आणि शौचालय सगळ्या गल्लीचं मिळून एक, तिथे ‘अंतर ठेवा’ म्हणणं व्यर्थ होतं. महापालिकेनं तिथल्याच खासगी डॉक्टरांना सोबत घेतलं, कारण लोक त्यांना ओळखत होते. शाळा आणि क्रीडा संकुल विलगीकरणासाठी उघडली. तिथे जेवण, औषध, तपासणी मिळत होती. म्हणून माणसं गेली.

आणि सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशा ताई घरोघर फिरल्या. १८९७ सारखीच ही घरझडती होती, कायदाही तोच. आमच्याकडे आलेल्या ताई चपला काढून उंबरठ्याबाहेरच थांबल्या. रजिस्टर काखेत, ऑक्सिमीटर रुमालात गुंडाळलेला. म्हणाल्या, “आजी, बोट द्या. आकडा ९५ च्या खाली आला तर धाप लागायच्या आधीच आपल्याला कळतं, म्हणून बघायचं.” माझ्या आईनं काही न विचारता हात पुढे केला. त्या एका वाक्यात सगळं होतं. काय करायचं, कशासाठी, आणि तुमचा त्यात फायदा कोणता. त्याच ताईंना काही वस्त्यांत लोकांनी दार उघडलं नाही, आणि मानधनासाठी पुढे संपावर जावं लागलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगानं आपल्या २८६व्या अहवालात हा कायदा आजच्या साथींना पुरा पडत नाही असं म्हटलं. नवा कायदा कधीतरी येईल. त्यात अधिकारांची कलमं भरपूर असतील, शिक्षेचीही. मला त्यात राहून गेलेलं पाचवं कलम हवंय. प्रत्येक निर्बंधासोबत त्याचं कारण लोकांच्या भाषेत लिहिलेलं असेल. तो कधी संपणार किंवा कधी पुन्हा तपासला जाणार ती तारीख असेल. ज्याची मजुरी बुडणार त्याच्या घरी धान्य आणि पैसे कोण, किती दिवसांत पोचवणार हे असेल. विलगीकरणात असलेल्याचं नाव-पत्ता चव्हाट्यावर येणार नाही याची हमी असेल, आणि अधिकाऱ्यानं मर्यादा ओलांडली तर दाद मागायची जागाही. हे कलम लिहिताना दिल्लीतल्या कायदेपंडितांच्या शेजारी आशा ताईंना बसवावं, धारावीतल्या त्या डॉक्टरांना बसवावं, आणि शहडोल-उमरियाच्या ज्या घरांतली माणसं करमाडच्या रुळांवर गेली त्या घरांतल्या कुणाला तरी बोलवावं.