दिवा गेलेल्यांसाठी, उजेड असलेल्यांसाठी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



पितृपक्ष सुरू आहे. घरोघरी तिथीप्रमाणे पान वाढलं जातंय, गेलेल्यांची नावं घेतली जाताहेत. या निमित्ताने दूरदेशीचं एक स्मरण आज आपण समजून घेऊ या.

जपानमधल्या कोबे शहरात आणि आसपास १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी मोठा भूकंप झाला. ६,४३४ माणसं गेली. आपल्या किल्लारीचा १९९३ चा भूकंपही असाच, लोक गाढ झोपेत असताना झालेला. त्यामुळे हे दुःख आपल्याला परकं नाही.

दर वर्षी त्या दिवशी कोबेच्या एका बागेत लोक अंधारातच जमतात. बांबूच्या नळकांड्यांत पाणी घालून त्यावर तरंगत्या मेणबत्त्या लावतात. दिव्यांच्या रांगांतून तारीख उमटते. बरोबर ५.४६ ला सगळे हात जोडून स्तब्ध उभे राहतात.

तारखेबरोबर कधी एखादा शब्दही दिव्यांनी लिहितात. २०२२ मध्ये ‘विसरणे’ या अर्थाचं अक्षर होतं. काहींना विसरायचं असतं पण विसरता येत नाही, आणि नव्या पिढीने तर विसरताच कामा नये, असं सगळं त्यात आलं. घरातलं माणूस गमावलेल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. २०२५ मध्ये, ३० वर्षं पूर्ण झाली तेव्हा, शब्द होता ‘योरिसोऊ’, म्हणजे जवळ जाऊन सोबत राहणं.

हा शब्द का महत्त्वाचा, बघा. भूकंपात ढिगाऱ्याखालून बहुतेकांना बाहेर काढलं ते घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच. पण पुढे लोक तात्पुरत्या घरांत गेले, जुने शेजार तुटले. तिथे कित्येक वृद्ध एकटेच वारले, कुणाला पत्ताही लागला नाही. भूकंपातून वाचलेली माणसं एकटेपणात गेली! म्हणून तिथला दिवा गेलेल्यांसाठी असला, तरी तो जिवंत माणसाचं दार वाजवायला सांगतो.

त्याच बागेत २००० सालापासून एक ज्योत अखंड तेवते आहे. २०११ च्या त्सुनामीत उद्ध्वस्त झालेल्या रिकुझेनताकाता गावात लोकांनी दिवा लावला, तो या ज्योतीवरूनच. दिव्याने दिवा लागला, पहिल्याचं तेज काही कमी झालं नाही. ज्यांनी सोसलं, तेच दुसऱ्याच्या दुःखात आधी पोचले. सद्गुरूंनी आपल्याला सेवा शिकवली ती याहून वेगळी काय?

आता आपल्याकडे वळू या. आपण पितरांना घास ठेवतो, कावळ्याची वाट बघतो. ते करायचंच. पण त्याच मजल्यावर एखाद्या आजी एकट्या जेवतात, मुलं परदेशी आहेत, हे आपल्याला ठाऊक असतं आणि आपण लिफ्टमध्ये नुसतं हसून पुढे जातो. मग आपलं तर्पण कुठवर पोचलं?

म्हणून सर्व कुटुंबांना विनंती. सर्वपित्री अमावस्येला गेलेल्यांच्या नावाने एक दिवा लावावा. आणि त्याच दिवशी, नैवेद्याच्या खिरीतली एक वाटी घेऊन, एकट्या राहणाऱ्या एका माणसाकडे जावं. मुलांनाही सोबत न्यावं. वाटी देऊन लगेच निघू नये, अर्धा तास बसावं. त्यांच्या गेलेल्या माणसाबद्दल विचारावं आणि ऐकून घ्यावं. फोटो ग्रुपवर टाकू नयेत.

असा दिवा लावला, तर पितर तृप्त होतीलच; शिवाय आपल्यातलं कुणी जिवंतपणी विसरलं जाणार नाही.

॥ सद्गुरुचरणी अर्पण ॥