उभा राहिला, म्हणजे बरा?

डोक्याला चेंडू लागूनही गडी खेळत राहिला, म्हणजे त्याला काही झालेलंच नव्हतं! ३१ जानेवारी २०२५ला गहुंजेत इंग्लंडविरुद्धच्या टी-२० सामन्यात शिवम दुबेच्या हेल्मेटवर शेवटच्या षटकात जेमी ओव्हर्टनचा चेंडू आदळला. दुबे डाव संपेपर्यंत खेळला, मग कन्कशनचा, म्हणजे मेंदूला हादरा बसल्यावर मिळणारा, बदली खेळाडू म्हणून त्याच्या जागी हर्षित राणा आला आणि तीन बळी घेऊन गेला. राणा काही दुबेच्या जातकुळीचा खेळाडू नव्हे, ही इंग्लंडचा कर्णधार बटलर याची तक्रार रास्तच. पण जळगाव-धुळ्याच्या टपऱ्यांवर निकाल लागला तो वेगळाच: लागलंच कुठे, सगळं नाटक. आता टेनिस बॉलच्या सामन्यात बॉलर कमी पडला की 'कन्कशन घ्या रे' म्हणून हसतात. हसायला हरकत नाही. त्यामागची समजूत मात्र घातक आहे.

१९६२चे कॉन्ट्रॅक्टर आणि त्यांना रक्त देणारे बोर्डे-नाडकर्णी, १९७६चे सबायना पार्क, रमण लांबा, फिल ह्यूज. क्रिकेटमधल्या डोक्याच्या दुखापतींची ही उजळणी वाचकांना नको. तिच्यातून आपण एवढंच घेतलं की हेल्मेट आलं आणि प्रश्न मिटला. हेल्मेट कवटी वाचवतं. आत मेंदू हादरायचा तो हादरतोच.

खरं वळण १ ऑगस्ट २०१९ला लागू झालेल्या आयसीसीच्या कन्कशन नियमाचं, आणि तेच आपण चुकीचं वाचतो. बदली खेळाडू मिळू लागला, एवढंच आपल्याला दिसलं. पण तोवर डोक्याला मार लागलेला खेळाडू 'ठीक आहे' म्हणणारच होता. तो बसला तर संघाचा एक गडी कमी. नियमाने ती अडचण काढली आणि निर्णय डॉक्टरकडे दिला. २००२मध्ये जबडा बांधून गोलंदाजी करणारा कुंबळे आपल्याला अजून पाठ आहे. जबडा मोडलेल्याला निदान कळतं की आपल्याला काय झालंय. कन्कशनमध्ये ज्या मेंदूने कळायचं, त्यालाच मार बसलेला असतो. २०१९च्याच ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर चेंडू लागलेला स्टीव्ह स्मिथ तपासणीत पास झाला, परत येऊन ९२पर्यंत गेला. लक्षणं दिसली ती दुसऱ्या दिवशी, आणि त्याच्या जागी लाबुशेन मैदानात उतरला. तेव्हा दुबे शेवटपर्यंत खेळला, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

विचारायला हवं होतं ते पुढचं. २ फेब्रुवारीला, म्हणजे दोनच दिवसांनी, दुबे वानखेडेवर खेळला, ३० धावा आणि दोन बळी. त्यावर किती जण बोलले? राणा कसा आला, यावर मात्र रान पेटलं. त्याच वर्षी आयसीसीने अशा खेळाडूला किमान सात दिवस विश्रांती सक्तीची केली.

'उभा राहिला, म्हणजे बरा' ही समजूत क्रिकेटपुरती नाही, आखाड्यातही तीच. चाळीसगाव तालुक्याने विजय चौधरीसारखा तीनदा महाराष्ट्र केसरी ठरलेला पैलवान दिला. कुस्तीचं आपल्याकडे कौतुक मोठं. पण जत्रेच्या दंगलीत पैलवान डोक्यावर आपटला की तोंडावर पाणी मारायचं, नाकाशी कांदा धरायचा. 'काही नही व्हयनं,' म्हणत तो माती झटकतो आणि शिट्ट्या सुरू होतात. पंचाने मनात आणलं तर कुस्ती तिथेच सोडवता येते. तो सहसा सोडवत नाही, कारण इनामाचा आकडा माइकवरून पुकारून झालेला असतो.