न पेरलेलं धान

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, असा या उपासाचा नेम. परसातल्या पाल्याची, कंदांची ऋषीची भाजी घरोघरी होते. पूर्व विदर्भातल्या काही घरांत तिच्या जोडीला देवधानाचा भातही शिजतो. हे धान कुणी पेरत नाही. तलावाच्या उथळ काठाला, दलदलीत, पावसाबरोबर ते आपलं आपण वर येतं. आपला रोजचा भात आणि हे देवधान एकाच कुळातले, ओरायझा प्रजातीतले. या प्रजातीत सुमारे दोन डझन जाती आहेत. माणसाने लागवडीला आणल्या त्या दोनच, एक आशियात आणि एक आफ्रिकेत. बाकीच्या अजून रानातच आहेत.

देवधानाची लोंबी हातात घेऊन पाहावी. दाण्याच्या टोकाला लांब, खरखरीत कुसळ, टरफल काळपट, आत तांबूस तांदूळ. वरचे दाणे आधी पिकतात, खालचे मागून, आणि पिकला की दाणा गळतो. विळा घेऊन जाल तर हाती पेंढाच यायचा. म्हणून गोळा करणारी माणसं पाण्यात उतरून लोंब्या टोपलीवर वाकवतात आणि झटकतात, किंवा दाणा पिकायच्या आतच लोंब्यांच्या जुड्या बांधून ठेवतात. एवढं करूनही बरंच धान चिखलात जातंच. कुसळाच्या आधाराने ते रुतून बसतं आणि पुढच्या पावसाची वाट पाहतं.

शेतातल्या भाताने हे गळणं सोडलं. 2006 साली संशोधकांनी दाखवलं की दाणा धरून ठेवण्याच्या या गुणात एका जनुकातल्या एकाच अक्षराच्या बदलाचा मोठा वाटा आहे. हजारो वर्षांपूर्वी ज्यांनी न गळणाऱ्या लोंब्या खुडल्या आणि त्यांचंच बी राखलं, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पण तेव्हापासून भाताला पेरणारा हात लागू लागला. देवधानाला तो कधीच लागला नाही.

शेतात मात्र असा रानभात नकोसा होतो. छत्तीसगडात त्याला करगा म्हणतात. फुलोरा येईपर्यंत तो पिकातून वेगळा ओळखू येत नाही, म्हणून शेतकऱ्यांसाठी जांभळ्या पानांचे वाण निघाले. हिरवं दिसेल ते उपटायचं. वर्षाची मेहनत पणाला लागलेल्या माणसाचा हा राग मला पटतो.

तरीही एक गोष्ट प्रत्येक भात खाणाऱ्याला ठाऊक असावी. 1970च्या सुमारास तपकिरी तुडतुडे पसरवतात तो खुजेपणाचा विषाणुरोग आशियातल्या भातावर पडला. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. उपयोगी पडला तो एकच, उत्तर प्रदेशातून गेलेला रानभाताचा, आणि त्यातलीही मोजकीच रोपं रोगाला पुरून उरली. त्या जातीचं शास्त्रीय नाव ओरायझा निवारा. नीवार म्हणजे संस्कृत साहित्यातल्या ऋषींचं अन्न. कालिदासाच्या शाकुंतलात आश्रमाची खूण म्हणून झाडांखाली सांडलेले नीवाराचे दाणे दिसतात, तेच हे. संस्थेतल्या गुरदेव खुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा रोगाला दाद न देण्याचा गुण नव्या वाणांत उतरवला. त्यातला आयआर-36 हा 1976चा वाण 1980च्या दशकात जगभरात सुमारे एक कोटी दहा लाख हेक्टरांवर उभा होता. कुणी न पेरलेल्या, कुणी न राखलेल्या मोजक्या रोपांचं एवढं देणं! ती रोपं आधीच कुणी उपटून टाकली असती तर त्या वर्षी शोधायला जायचं तरी कुठे?

म्हणून भंडारा-गोंदियाच्या जुन्या मालगुजारी तलावांची काळजी वाटते. देवधानाला उतरता, उथळ काठ लागतो. तिथे एक तर बेशरम नावाचं तण माजतं, नाहीतर खोलीकरणाच्या नावाखाली यंत्र काठच उभा कापून काढतं, आणि वरच्या गाळात दडलेलं बी त्या गाळासोबत ट्रॉलीत जातं. काही गावांत ढीवर मच्छीमारांनी हाताने बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत, त्यांत देवधानही आहे. तलावाचा गाळ जरूर काढावा, पण कामाच्या आराखड्यात एका बाजूचा उथळ काठ तसाच राखायचं आधीच लिहून ठेवावं. कोणती बाजू, ते ढीवरांना विचारावं.