अल्पकथन आणि अन्यथाकथन

नागपूरच्या दक्षिणेस असलेले बेसा हे एके काळी शेताशिवारांचे गाव. आता शहर तेथवर येऊन भिडले आहे आणि नाना प्रांतांतील, नाना उपासनांची कुटुंबे एकमेकांच्या शेजारी राहू लागली आहेत. अशा वस्तीत एखाद्या वासनिकाच्या घरी नवरात्रात शेजारचा गृहस्थ येतो. घरात घट बसलेला नाही, विशेषवंदन मात्र नित्य चालते, हे तो पाहतो आणि सहज विचारतो, “तुम्ही देव मानत नाही काय?” प्रश्नात कुत्सितपणा नसतो, कुतूहल असते. या साध्या प्रश्नाला साधे उत्तर कसे द्यावे, हा वरवर पाहता संभाषणचातुर्याचा विषय वाटतो. वस्तुतः तो धर्माचरणाचा विषय आहे.

अशा प्रसंगी बहुधा दोन प्रकारची उत्तरे दिली जातात. काही जण जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार नित्य पदार्थ सांगून लगेच शास्त्रीय परिभाषेत शिरतात. सांगितलेले सर्व यथार्थ असते. परंतु ऐकणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. दुसरे काही जण संकोचाने म्हणतात, “सर्व देव एकच, नावे तेवढी निराळी.” अभ्यागत संतुष्ट होऊन जातो, परंतु जे त्याला सांगितले ते पंथाचे मत नव्हे. पहिल्या उत्तराने अभ्यागत उपाशी परततो, दुसऱ्याने त्याला दुसऱ्याच्याच घरचे अन्न वाढले जाते.

सुबोध सांगण्याची परंपरा या मार्गाला नवी नाही. श्रीचक्रधर प्रभूंचे निरूपण मराठीत झाले. पुढे केशिराजबासांनी संस्कृतात ग्रंथरचना करण्याचा मनोदय दर्शविला, तेव्हा श्रीनागदेवाचार्यांनी त्यांना आवरले. संस्कृत न जाणणाऱ्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील, हे त्यांचे कारण स्मृतिस्थळात नमूद आहे. आचार्यांनी भाषा सोपी केली. सिद्धांत सौम्य केला नाही. म्हाताऱ्यांसाठी निराळी, अर्धवट ब्रह्मविद्या त्यांनी सांगितली नाही. महदाइसांसारखी जिज्ञासू स्त्री सतत प्रश्न विचारी आणि प्रभूंनी तिच्या त्या वृत्तीची वाखाणणीच केली. यावरून ऐकणाऱ्याची भाषा साधी असली तरी त्याची बुद्धी उणी मानू नये, हा बोध होतो.

केशिराजबासांनीच संकलित केलेल्या दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत आहेत. त्याची रचना येथे फार मननीय आहे. आधी सूत्र, मग दृष्टांत आणि शेवटी दार्ष्टांतिक. दृष्टांत ऐकणाऱ्याच्या परिचयाच्या जगातून येतो, दार्ष्टांतिक त्याला पुन्हा सूत्राशी बांधते. मधला दृष्टांत तेवढा घेतला आणि दोन्ही टोके सोडली, तर काय होते? हत्ती आणि जात्यंध यांचा दृष्टांत पाहावा. ही कथा बौद्धांच्या उदानात आहे. जैन आचार्यही तिच्या आधारे अनेकान्त समजावितात. बौद्ध कथेत एकांगी मते धरून भांडणाऱ्यांना ती उद्देशिली आहे. जैनांच्या निरूपणात प्रत्येक दृष्टीचा सापेक्ष अंश तिने दाखविला जातो. पंथाच्या निरूपणात अवयव चाचपणाऱ्यांइतकाच संपूर्ण हत्ती पाहणारा डोळस महत्त्वाचा आहे. हत्ती तोच, आंधळेही तेच. दार्ष्टांतिक मात्र निरनिराळे. म्हणून दार्ष्टांतिकावाचून सांगितलेला दृष्टांत ऐकणाऱ्याच्या मनातील पूर्वीच्याच मताला जाऊन चिकटतो. कथा रंगते, श्रोता मान डोलावितो आणि सिद्धांत जागच्या जागी राहतो.

आता बेसा येथील प्रश्नाकडे वळावे. त्या शेजाऱ्यास असे सांगता येईल : बंदिशाळेतील रखवालदार बंदिवानाला अन्न देईल, पांघरूण देईल, त्याच्याशी बरे बोलेल, परंतु सुटकेचा हुकूम त्याच्या हाती नाही. ज्याला सुटायचे आहे तो रखवालदाराचा अपमान करीत नाही, तो नाहीच असेही म्हणत नाही; मात्र सुटकेचा अर्ज ज्याच्या हाती सुटका आहे त्याच्याकडेच करतो. त्याचप्रमाणे देवता आहेत आणि आपापल्या सामर्थ्यापुरते फळही देतात, असे हा मार्ग मानतो. मोक्ष देणारा मात्र एक परमेश्वर, म्हणून अनन्यभक्ती त्याचीच. एवढ्याने ‘देव न मानणारे’ हा गैरसमज दूर होतो आणि शेजाऱ्याच्या श्रद्धेवर आघातही होत नाही. दृष्टांत कोठे थांबतो, हेही सांगून टाकावे : रखवालदार नोकरी सोडून जातो, देवता तर नित्य आहेत. दृष्टांत एकदेशी असतो. त्याची मर्यादा लपविली की तोच उद्या आक्षेप होऊन परत येतो.

येथे कोणी म्हणेल, एवढे तरी अनधिकाऱ्यास का सांगावे? या शंकेला इतिहासाचा आधार आहे. पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी लिप्यांत शतकानुशतके जपून ठेवले. त्यामुळे पाठ राखले गेले, हा मोठा लाभ. परंतु जे आतून सांगितले गेले नाही, ते बाहेरून कल्पनेने सांगितले गेले आणि त्या विपर्यासाचे दुःख साधुसंतांनी पुष्कळ सोसले. विसाव्या शतकाच्या आरंभी लिप्यांची किल्ली बाहेरच्या अभ्यासकांना मिळाली आणि राजवाडे, भावे यांच्यासारखे संशोधक या वाङ्मयाकडे वळले. पुढे नागपुरातूनच ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र प्रसिद्ध केले. आता तर २०२४ साली रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. तेथे येणारा प्रत्येक जण अनुसरणासाठी येणार नाही, प्रश्न मात्र बरोबर आणील.

म्हणून विवेक असा करावा. अल्पकथन आणि अन्यथाकथन यांत भेद आहे. ऐकणाऱ्याच्या ग्रहणशक्तीपुरते थोडे सांगणे ही दया आहे. त्याच्या आवडीपुरते निराळे सांगणे हे असत्य आहे. कठोर शब्दाने त्याचे मन दुखविणे ही हिंसा आहे. या तिहींतून मार्ग काढावयाचा तर आधी त्याचा प्रश्न पूर्ण ऐकावा, त्याच्या जगातील दृष्टांत घ्यावा, दार्ष्टांतिक सोडू नये आणि जे आपणास उलगडलेले नाही त्याविषयी अधिकरणाकडे बोट दाखवावे. सोपे सांगता येत नाही, याचे कारण पुष्कळदा विषयाची गहनता नसून सांगणाऱ्याचे मनन अपुरे असणे हे असते. अभ्यागताचा प्रश्न ती उणीव दाखवितो; त्या अर्थी तो उपद्रव नसून उपकार आहे. शेजारी उठून गेल्यावर वासनिकाने पोथी पुन्हा उघडली, तर त्या भेटीत दोघांचेही हित झाले असे समजावे.